अस्वलाची चाल

“आई, दोन्ही हातांनी धरा आणि त्या सांगाड्यासमोर न्या,” सून म्हणाली.

सासूने टॅबलेट असा धरला, जणू काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं. काचेपलीकडे केव्हाच नामशेष झालेल्या एका अस्वलाची हाडं उभी होती. पडद्यावर त्या हाडांवर मांस चढलं, दाट तपकिरी केस आले. अस्वलाने मान झटकली, ते मागच्या पायांवर उठलं आणि काचेतून बाहेर येऊन दालनात चालू लागलं.

“अगंबाई!” सासू हसली. “हे दाखवायला मला एवढ्या घाईने आणलंस होय?”

 सून याच संग्रहालयात कामाला होती. हे अस्वल रोज लोकांना दाखवायची.

अस्वल चार पावलं गेलं. उजवा पाय नीट पडायचा. डावा जरासा मागे राहायचा, मग खांदा झुकवून पुढे ओढला जायचा. सासूचं हसू विरलं.

“हे चालतंय कोण?”

“तुमचा लेकच आहे, आई.” सून म्हणाली. “अस्वलाला दोन पायांवरची चाल हवी होती. अंगभर चाल टिपणारे सेन्सर बांधून तो स्वतःच चालला. म्हणाला, तयार झालं की आईला एकदम दाखवू.”

पुढचं दोघींना ठाऊक होतं. तयार व्हायच्या आधीच तो गेला होता.

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“धीर होत नव्हता. पण उद्या ही चाल काढून टाकणार आहेत. लोक विचारतात, अस्वल लंगडं का? साहेब म्हणाले, धडधाकट दिसायला हवं.”

शेजारी एक छोटी मुलगी स्वतःच्या टॅबलेटमध्ये बघून ओरडली, “बाबा, अस्वलाच्या पायात काटा गेलाय!”

सासूने तिकडे पाहिलंही नाही. टॅबलेट एका बाजूला कलला होता. सून टॅबलेट घ्यायला पुढे झाली.

“राहू दे गं.”

अस्वल पाय ओढत दालनाच्या दाराकडे निघालं. सासू टॅबलेट उंच धरून लगबगीने त्याच्या मागे गेली.

“जपून रे,” ती म्हणाली, “पुढे पायऱ्या आहेत.”