बरणीचे झाकण

अंगणातल्या चुलीपाशी बसून भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांची करपलेली साल स्तोयना नखांनी ओरबाडत होती. मेलबर्नला मुलाकडे जायला अकरा दिवस उरले होते आणि त्यांतला प्रत्येक दिवस तिला कामाने बुजवायचा होता. नवरा म्हणाला, “म्हातारे, हिवाळ्यात आपण इथे नसणार. चाळीस किलो मिरच्यांची ही आयवार चटणी खाणार कोण, मांजर?” स्तोयना फणकारली, “बॅगा तीनदा भरल्या. आता काय भिंती मोजत बसू? त्या तर काल तुझा तो टेपवाला मोजून गेला!” नवरा निखारे उकरू लागला. तिने कढईतले आयवार बरणीत भरले आणि झाकण हातात धरले. “वसंतात परतू, म्हणालास. परतणार असू, तर घट्ट लावते. घर विकलं असशील, तर आजच वाटून टाकते. बोल.” त्याने हात विजारीला पुसले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि फाटक उघडून चालता झाला.