अर्धवट सोडलेली लादी

या, जरा पुढे सरकून बसा आणि घटकाभर मन इथे ठेवा. गोष्ट मूठभरच आहे, पण ऐकल्याशिवाय उठू नका.

चौथ्या लादीतही पंख नव्हता.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत भरदुपारी पडदे ओढले होते. पुतणी दिवा धरून उभी होती, काका स्टुलावर बसले होते. चुनखडीच्या त्या लाद्यांत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीव निजले होते. जात सरपटणाऱ्यांची, पण उडणारे. देवाने त्यांचं एकच बोट हातभर लांब केलं आणि त्या बोटावर कातड्याचा अख्खा पंख तोलून धरला. काकांनी चाळीस वर्षं सुईने दगड कोरून त्यांची हाडं मोकळी केली होती. त्यांच्याइतका स्वच्छ हात दुसरा नव्हता. नव्या दालनाच्या दारात काकांचीच लादी लागणार, असं पुतणीने वरच्यांकडून कबूल करून घेतलं होतं. फक्त त्या लादीत पंख दिसायला हवा होता. या जांभळ्या दिव्याखाली हाडं उजळतात, आणि कातड्याचा पापुद्रा उरला असेल तर तोही उजळतो.

हाडं छान उजळत होती. भोवती नुसता अंधार.

पाचवी. सहावी. सातवी. काकांना केव्हाच उमगलं होतं. हाडांच्या कडेला एक पिवळट डाग असायचा. मळ समजून त्यांनी तो दर वेळी खरवडून काढला होता. अगदी पूजेची भांडी घासावीत तशा भक्तीने.

पुतणी हळूच म्हणाली, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, तुम्ही तरी काय करणार.

पण एकाला ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावर त्यांचा धाकटा भाऊ बसायचा, या पुतणीचा बाप. त्या डागाशी आला की तो सुई खाली ठेवायचा. सगळे त्याला थांबेश्वर म्हणत. थांबेश्वर आज समाधीतून उठले का, असं विचारत. तो हसायचा आणि म्हणायचा, "दादा, इथे माझा हात पुढे जात नाही. हा मळ नाही वाटत." एके दिवशी त्याला कामावरून काढलं. मग तो जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवत राहिला, गुडघे गेले तरी. दोन वर्षांपूर्वी गेला. साफसफाई मला जमली नाही गं, एवढंच तो लेकीला सांगायचा.

पुतणीने तळाच्या फळीवरून आठवी लादी ओढली. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"ती राहू दे," काका म्हणाले. "ती अर्धवट आहे."

पण दिवा वळला होता. बोटाच्या टोकापासून पायापर्यंत पंख उजळला. घड्या, बारीक शिरा, सगळं होतं. जीव जणू आत्ताच खाली उतरला होता.

पुतणीने दिवा आणखी जवळ नेला. ही कुणी साफ केली, तिने विचारलं.

काकांचा तळवा लादीच्या पाठीवर होता. तिथे एक चिठ्ठी डकवलेली होती. हात तसाच ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी तो काढून घेतला.

खाली भावाचं नाव होतं. त्यापुढे, 'काम अर्धवट. या माणसाला ठेवू नये.' सही नव्हती. गरजही नव्हती. त्याच अक्षरात पुतणीला लहानपणापासून दर वाढदिवसाला काकांचं पत्र येत होतं.

बराच वेळ दिवा हलला नाही.

"एवढी ओळ काढता येईल का गं?" काकांनी विचारलं. त्यांची बोटं सुई धरावी तशी जुळली होती.

"नाही काका. खरवडायला गेलं तर बाबांचं नावही जाईल."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा ज्याचा हात थांबला त्या थांबेश्वराची आठवण ठेवा. आणि जमलं, तर ज्याचा थांबला नाही त्याचीही.