घरट्याची राखण

“श्शू! कुकर बंद कर आधी,” सासरे व्हरांड्यातून दबक्या आवाजात खेकसले. “शिट्टी झाली की उडून जाते ती.”

सुनेने गॅस बंद केला. भात अर्धाकच्चा राहिला. तिच्या कडेवरचा गट्टू भोकाड पसरायच्या बेतात होता. त्यानेही तोंड मिटलं. सात महिन्यांच्या त्या जिवाला घरातली नवी शिस्त कळली होती.

व्हरांड्यावर चढवलेल्या मधुमालतीत बुलबुलाने घरटं केलं होतं. थंडी सरली, वेलीने जुनी पानं झटकली, गुलाबी-पांढरे घोस लोंबू लागले आणि त्यांच्या आड हे वाटीएवढं घरटं. आत तीन पिल्लं, म्हणजे नुसत्या उघड्या चोची. तेव्हापासून बैठकीतल्या खुर्च्या बागेतच मुक्कामाला होत्या. सासऱ्यांच्या गळ्यात दुर्बीण असे. घरटं हात लांब केला तर लागेल इतकं जवळ होतं, पण दुर्बीण आणलेली होती ना. बागेत काय चाललंय यावर सगळ्यांची बारीक नजर. मोगऱ्याला पहिली कळी आली, ती त्याच सकाळी घरभर झाली. गट्टूला पहिला दात आला, तो सासूबाईंच्या बोटाला चावला तेव्हा कळलं.

“काय माउली आहे बघ!” सासूबाईंचे डोळे पाणावले. “उजाडल्यापासून नुसती धावतेय. स्वतःच्या पोटात कण नाही.”

वेलीवरची नजर न काढता त्यांनी रिकामा कप बाजूला धरला. सुनेने तो घेतला. पुन्हा चहा आला. तिचा स्वतःचा सकाळचा चहा ओट्यावर साय धरून बसला होता.

“नरसुद्धा भरवतो बरं का,” नवरा कौतुकाने म्हणाला. “अगदी बरोबरीने.” तेवढ्यात गट्टूने त्याची बाही धरली. “अगं, घे ना याला! फोटो हलतोय माझा.”

सुनेची रजा रविवारी संपत होती. ती एका दवाखान्यात लोकांचे डोळे तपासायची. सोमवारी आली नाहीस तर दुसरी मुलगी ठेवतो, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. जवळच्या पाळणाघरात वर्षाखालचं मूल घेत नव्हते. घरात विषय काढून झाला होता. सासूबाईंची कंबर आडवी आली. सासरे म्हणाले, आता आमचं आनंद घ्यायचं वय. नवऱ्याला ऑफिसात रजेचं नावही काढता येत नव्हतं. नोकरी सोडणं तेवढं सोपं होतं, कारण ती सुनेची होती.

रविवारी संध्याकाळी कुंपणावर बोका दिसला आणि घरात हाहाकार उडाला. बागेतच बैठक बसली.

“ती चाऱ्याला गेली की पिल्लं एकटी पडतात,” सासरे गंभीर झाले. “म्हणून काय तिने जायचंच नाही? मग जगायचं कसं त्यांनी? मागे राखायला आपण आहोत. सकाळी मी बसतो.”

“दुपारी मी,” सासूबाई म्हणाल्या. “पाठीशी उशी घेईन.”

“चारनंतर मी. आठवडाभर अर्धी रजा टाकतो,” नवरा म्हणाला. “साहेब नाही म्हणायचे नाहीत.”

सून दोरीवरचे लंगोट काढत होती. तिने तिघांची वाटणी नीट ऐकून घेतली. मग पुढचा लंगोट काढला.

“हिला मेलं पक्ष्यांचं कौतुकच नाही,” सासूबाई लेकाच्या कानाशी पुटपुटल्या.

सोमवारी सकाळी सासरे दुर्बीण घेऊन खुर्चीत टेकतात न टेकतात तोच सून बाबागाडी ढकलत बागेत आली. घरट्याखालच्या सावलीत तिने गाडीला ब्रेक लावला. दांड्याला दुधाच्या बाटल्यांची आणि लंगोटांची पिशवी अडकवली. गट्टूचा पापा घेतला, जरा जास्तच वेळ. मग पर्स खांद्याला लावली.

“अगं, अगं! हे काय?” सासऱ्यांची दुर्बीण खाली आली. आवाज दबका ठेवायचं ते विसरूनच गेले.

“चौथं पिल्लू आहे, बाबा,” ती फाटक उघडत म्हणाली. “मी चाऱ्याला जाऊन येते.”