शेवटची घरफोडी

लेकीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने घरफोडी सोडली होती. आता लेकच राहिली नव्हती. "तिनं स्वतःच विष घेतलं हो," असं जावयाने डोळे पुसत सांगितलं आणि पोलिसांनाही ते पटलं.

जावई कामावर गेल्यावर भरदुपारी म्हाताऱ्याने त्याच्या दाराचं कुलूप उघडलं. हातमोजे त्याला कधीच चालले नाहीत. कुलपाची नस उघड्या बोटांनाच कळते, असं तो म्हणायचा. सगळं घर पालथं घातलं, तेव्हा माळ्यावर रंगाच्या रिकाम्या डब्यात विषाची बाटली सापडली. रुमालात गुंडाळून ती त्याने थेट पोलीस ठाण्यात नेली.

"साहेब, घर मी फोडलंय, मला खुशाल आत टाका. पण हिच्यावर त्याच्या बोटांचे ठसे असणार. त्याला सोडू नका, पाया पडतो तुमच्या."

आठवड्याने साहेबांनी बोलावून घेतलं. "बाबा, बाटलीवर ठसेच नाहीत. जावयाचे नाहीत, मुलीचे नाहीत, तुमचेसुद्धा नाहीत."

म्हाताऱ्याचा हात खिशातल्या रुमालावर थिजला.

हात लागलेली प्रत्येक वस्तू पुसल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही सवय तेवढी सुटली नव्हती.