एकही नाही

“किती माणसं दगावली?” चौकशी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

“एकही नाही,” आरोग्य अधिकारी असलेल्या बाई म्हणाल्या.

“मग बाजार कशाला बंद केलात?”

“एकही दगावू नये म्हणून.”

मागच्या बाकांवर व्यापारी बसले होते. तिथे हशा पिकला.

गेल्या उन्हाळ्यात बाजारातल्या कोंबड्यांच्या गल्लीत ताप उद्भवला होता. धाप लावणारा, कधी न पाहिलेला. बाईंनी लगोलग सगळा बाजार बंद केला, आजाऱ्यांना वेगळं ठेवलं, त्यांच्या घरच्यांची दारोदार फिरून तपासणी केली. ताप गल्लीबाहेर पडलाच नाही. आजारी बरे होऊन घरी गेले. पण निवडणूक तोंडावर आली होती आणि व्यापारी चिडले होते.

साक्षीला बाईंचा धाकटा भाऊ उभा राहिला. बाजारात त्याची बेकरी होती. भट्टी विझली, कारागीर निघून गेले, निम्मे परत आलेच नाहीत, असं त्यानं खाली बघत सांगितलं. बोलता बोलता एकदा ‘ताई’ म्हणून गेला, मग चपापून ‘मॅडम’ म्हणाला. बाईंना त्याच्यावर रागावताही येईना. तो खोटं बोलत नव्हता.

विनाकारण घबराट पसरवल्याचा ठपका बसला. बाईंची बदली प्रशिक्षण केंद्रात झाली. तिथे त्या नव्या परिचारिकांना हात कसे धुवायचे ते शिकवू लागल्या. भावानं घरी येणं सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात, वर्ग चालू असताना, त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टर मुलीचा फोन आला. ती बाईंच्याच हाताखाली तयार झालेली. त्याच गल्लीत तोच ताप पुन्हा उद्भवला होता. आजाऱ्यांत बाईंच्या भावाच्या बेकरीतला एक कारागीरही होता.

“बाजार बंद करू ना, मॅडम?”

बाईंना उत्तर माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी तेच शिकवलं होतं. पण पोरीनं सही केली तर संध्याकाळच्या आत हुकूम मागे घेतला जाईल, तिचीही उचलबांगडी होईल, आणि मग त्या गल्लीकडे बघायला कोणीच उरणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. समोरच्या मुली साबणाचे हात तसेच धरून उभ्या होत्या.

“कोणी गेलं का?” बाईंनी विचारलं.

“नाही. अजून नाही.”

“मग थांब,” बाई म्हणाल्या.