गाण्यापुरती हवा

या, असे पुढे सरकून बसा. एका अंतराळस्थानकाची गोष्ट सांगतो.

अनसूयाताई मेस्त्री संगणकाच्या खेळात हे स्थानक चालवायच्या. त्यातली माणसं यंत्रानेच घडवलेली. पण कोणी न शिकवता ती सभागृहात कीर्तन करू लागली होती. त्या दिवशी पूर्वरंग आटोपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, आणि पडद्यावर खेळाच्या कंपनीचा निरीक्षक उगवला.

“ताई, गाण्यात हवा फार जाते. सभागृहाची हवा तोडा.”

“अहो, आख्यान व्हायचंय अजून! गुदमरतील ना सगळी!”

“ती कुठे खरी माणसं आहेत?”

“मग त्यांचे श्वास कशाला मोजता?”

“तुम्ही तोडा, नाहीतर तुमच्या नावाने मी तोडतो.”

स्थानकावर हुकूम चाले तो फक्त प्रमुखाच्या नावाने, आणि प्रमुख म्हणजे खेळातल्या अनसूयाताई. प्रमुख एकदा मेला की दुसरा नेमता येत नसे; स्थानक आपलं चालू राही, पण त्या खेळाचं दार खेळणाऱ्याला कायमचं बंद. ताईंनी पदर खोचला आणि प्रमुखाच्या खोलीतली सगळी हवा सभागृहाकडे वळवली.

“अहो, हे काय करताय?”

“आता कोणाच्या नावाने तोडता, बघू!”

पडदा काळा झाला. तिकडे बुवांनी आख्यान लावलं असेल. ताईंना ते कधीच ऐकू येणार नाही. टाळ हाती घ्याल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा, बाबांनो.