वीस डोक्यांची बोट

बोट धक्क्याला टेकायच्या आतच काटेकाकांनी डोकी मोजली. सकाळी वीस गेली होती, परत आली ती चौदा.

त्यांनी पुन्हा मोजली. मालाची पोती दुसऱ्यांदा मोजली की कधीमधी एखादं वाढायचं. माणसांचं तसं होत नव्हतं.

काका बेटावरचे दुकानदार. त्यांच्या तराजूचा काटा गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकलेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून हे नाव. माशांचे डबे भरणारा कारखाना बंद पडला आणि बेटाला धाप लागली, तेव्हा शाळेत सभा भरली. आडात नव्हतं ते पोहऱ्यात आणायच्या युक्त्या एकेकाने काढल्या. पोस्टमास्तरांनी मधमाश्या पाळल्या. फुलं होती समोरच्या किनाऱ्यावर, त्याही तिकडेच गेल्या. अकरा घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या सजवून दारावर पाट्या लावल्या. पाहुणा एकच आला, तोही पाट्या रंगवल्याचे पैसे मागायला.

टिकली ती काकांची युक्ती. बोटकंपनीने कळवलं होतं, बेटावरून दर फेरीला वीस तिकिटं फाटली नाहीत तर रोजची बोट आठवड्यातून एकदाच येईल. बोट गेली की बेटही गेलंच. तेव्हा काकांनी पाळ्या लावल्या. रोज विसांनी सकाळी जायचं, पलीकडच्या धक्क्यावर चहा प्यायचा, संध्याकाळी परत यायचं. काम ना काज, नुसतं डोकं दाखवायचं. तीन महिने सकाळच्या बोटीचा आकडा एकदाही विसाखाली गेला नव्हता.

पण चहा प्यायला गेलेली माणसं चहावर थांबेनात. न्हाव्याला पलीकडच्या दुकानात एक रिकामी खुर्ची दिसली. तो तिच्यामागे जो उभा राहिला तो राहिलाच. शाळेच्या बाई दोन पाळ्या इमानाने करून आल्या, तिसरीला त्यांची छत्री तेवढी परत आली. आठवड्याला दोनचार जण गळत. काका त्यांची नावं खोडत आणि उरलेल्यांच्या पाळ्या जवळ आणत. त्यामुळे उरलेल्यांना पलीकडचा किनारा जास्तच वेळा दिसू लागला. हा हिशेब काकांना कळत नव्हता असं नाही. दुसरी युक्ती सुचत नव्हती, एवढंच.

स्वतःच्या मुलाची आणि सुनेची पाळी त्यांनी आजवर पुढे ढकलली होती. दुकानात कामं आहेत म्हणत. शेवटी विहिरीवर बायका बोलू लागल्या, काकांच्या घरची डोकी काय काचेची आहेत? म्हणून आज दोघं गेली होती.

सून सगळ्यांत शेवटी उतरली. काकांनी तिच्या मागे पाहिलं. मागे दोर गुंडाळणारा खलाशी होता, आणखी कुणी नाही.

"बाबा," ती म्हणाली, "यांना तिकडे बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं. लगेच हजर व्हा म्हणाले."

"मग तू कशी आलीस?"

"कपडे न्यायला."

सुनेने पायातली चप्पल नीट केली, उगाचच. मग तिने निरोप सांगितला. दोन खोल्यांची जागा बघितली आहे, एक खोली तुमची, तुम्ही आलात तरच घेणार, असं त्यांनी सांगितलंय. सांगताना तिने खाली पाहिलं नाही. म्हणजे निरोप खरा होता.

"मी आलो तर पाळ्या कोण लावणार?" काका म्हणाले.

"कुणाच्या, बाबा?"

काकांनी वळून पाहिलं. बाकीचे तेराजण चढण चढून घराकडे निघाले होते. त्यातल्या निम्म्यांच्या हातात रिकाम्या बॅगा होत्या, नवीन, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. काकांच्या दुकानात बॅगा मिळत नसत. मागणीच नव्हती कधी.

इतक्यात बोटीचा कप्तान हसत खाली उतरला. त्याने काकांचा हात हातात घेऊन चांगला दाबला. कंपनी खूश होती. या मार्गाइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं.

"पुढच्या महिन्यापासून मोठी बोट येतेय, काका. खाली सामानाला ऐसपैस जागा. कपाटं, पलंग, काय हवं ते न्या. लोकांचे फार हाल होत होते हो."

काका म्हणाले, बरं झालं.

"मग पलंग तेव्हाच नेऊ," सून म्हणाली. "उद्या नुसते कपडे."